इंग्रजीत ‘ही इज अ गे’ म्हणावे की ‘ही इज गे’? आणि ‘होमोसेक्शुअल’ हा शब्द अधिक सभ्य आहे का?

पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे: ‘ही इज गे’ लिहावे. ‘गे’ हे इंग्रजीत मुख्यतः विशेषण आहे. मराठीत ‘एक आंधळा आला’ असे विशेषण नामाच्या जागी सहज बसते, त्यामुळे आपल्या विद्यार्थ्यांकडून हा ‘अ’ हमखास पडतो. ‘लेस्बियन’ मात्र नामही आहे, म्हणून ‘शी इज अ लेस्बियन’ चालते.

दुसऱ्या भागाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते मला फार उशिरा समजले. मी एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 संबंधीचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 6 सप्टेंबर 2018 रोजी आला, त्यावर आमच्या एका विद्यार्थ्याने वार्षिकांकासाठी इंग्रजीत लेख लिहिला. स्वतःविषयी त्याने एकच वाक्य लिहिले होते, की मी गे आहे हे मी आईला सांगितले. अंकाचे संपादक असलेल्या आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी लेखातील प्रत्येक ‘गे’ खोडून ‘होमोसेक्शुअल’ केले, ‘ओरिएंटेशन’चे ‘प्रेफरन्स’ केले, आणि त्या वाक्यातील ‘टोल्ड’च्या जागी ‘अ‍ॅडमिटेड’ घातले. ‘गे’ म्हणजे आनंदी, त्याचा हा दुसरा बाजारू अर्थ आपल्या अंकात नको, शास्त्रीय शब्द असताना बोली शब्द कशाला, असे त्यांचे म्हणणे होते. मी सहसंपादक होतो. मुद्रिते माझ्या हातून गेली आणि मी काहीही बोललो नाही. अंक निघाल्यावर तो मुलगा प्रत घेऊन आला, ‘अ‍ॅडमिटेड’वर बोट ठेवून म्हणाला, “सर, तो गुन्हा नाही असा निकाल लागला, म्हणून तर मी लेख लिहिला. मग तुम्ही माझ्याकडून कबुली कशाला घेतलीत?”

‘अ‍ॅडमिट’ हे क्रियापद चूक, अपराध किंवा नाइलाजाने मान्य केलेली गोष्ट यांसाठी आहे, हे मी त्याला पहिल्या वर्षी स्वतःच शिकवले होते.

‘शास्त्रीय’ या युक्तिवादाविषयी सांगायचे तर, ‘होमोसेक्शुअल’ हा शब्द 1869 मध्ये प्रथम छापला गेला तो प्रशियातील समलिंगी संबंधांवरील शिक्षेला विरोध करणाऱ्या जर्मन पत्रकांत. कार्ल मारिया केर्टबेनी हा त्यांचा लेखक डॉक्टर नव्हता, साहित्यिक होता. पुढे मनोविकारतज्ज्ञांनी तो उचलला, आणि अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकतेला विकारांच्या यादीतून काढण्यास 1973 साल उजाडले. तोवर त्या शब्दाला दवाखान्याचा जो वास लागला तो अजून गेलेला नाही. एखाद्या माणसाला ‘अ होमोसेक्शुअल’ म्हटले की तो माणूस राहत नाही, प्रकरण होतो.

‘प्रेफरन्स’चेही तसेच आहे. चहा की कॉफी, ही आवड झाली. ‘ओरिएंटेशन’ म्हणजे कल, आणि कल ही निवडीची बाब नव्हे. ऑक्टोबर 2020 मध्ये अमेरिकी सिनेटच्या सुनावणीत न्यायाधीश एमी कोनी बॅरेट यांनी ‘सेक्शुअल प्रेफरन्स’ म्हटले, सिनेटर मेझी हिरोनो यांनी हरकत घेतली आणि बॅरेट यांनी दिलगिरी व्यक्त केली. लागलीच मेरियम-वेबस्टर शब्दकोशानेही त्या प्रयोगाला आक्षेपार्ह अशी नोंद जोडली. ही बातमी मी आमच्या ज्येष्ठांना पाठवली होती. त्यांचे उत्तर आले, “अमेरिकेचे आपल्याला काय?” अमेरिकेत छापलेला शब्दकोश मात्र त्यांच्या टेबलावर वर्षानुवर्षे होता, आणि माझ्याशी वाद झाला की ते तोच उघडत.

तेव्हा ‘गे मेन’, ‘गे पीपल’ लिहा, ‘गेज’ असे अनेकवचन टाळा, ‘ओरिएंटेशन’ लिहा, विरुद्धार्थी म्हणून ‘स्ट्रेट’ लिहा, ‘नॉर्मल’ कधीही नको. ‘ट्रान्सजेंडर’ हा शब्द या यादीतच नाही, कारण तो आकर्षणाविषयी नसून लिंगभावाविषयी आहे. समलैंगिक आणि इतर लैंगिक अल्पसंख्याकांसाठी वापरला जाणारा ‘क्वीअर’ हा शब्द पूर्वी शिवी होती. समोरची व्यक्ती स्वतःसाठी तो वापरत असेल तरच आपण वापरावा.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे: 2018 च्या निकालपत्रातही ‘होमोसेक्शुअल’ आढळतो, आणि कायद्याचा किंवा वैद्यकाचा इतिहास लिहिताना तो टाळता येत नाही. मराठीतील ‘समलैंगिक’ला इंग्रजी शब्दाचा हा इतिहास चिकटलेला नाही, तो निःसंकोच वापरावा. शिवाय एखादे वयस्क गृहस्थ स्वतःला ‘होमोसेक्शुअल’ म्हणवत असतील, तर त्यांचे वाक्य दुरुस्त करायला जाऊ नये, संपादक असलात तरी.