अबट म्हणजे नुसतं ‘जवळ’ नाही

प्रश्न: आमच्या कोथरूडच्या प्लॉटच्या इंग्रजी खरेदीखतात ‘द प्लॉट अबट्स द रोड’ असं लिहिलंय, म्हणजे रस्ता जवळ आहे एवढंच ना?

उत्तर: नाही हो, जवळ वेगळं आणि लागून वेगळं! अबट म्हणजे हद्दीला हद्द भिडलेली, मधे दुसऱ्या कुणाची वीतभर जागा नाही, आपल्या मराठी खतात चतुःसीमा लिहिताना ‘पूर्वेस लागून रस्ता’ म्हणतात ना अगदी तेच. अ‍ॅडजेसंट जरा सैल शब्द आहे, शेजारी असलं तरी चालतं, चिकटलेलंच पाहिजे असं नाही, म्हणून खत वाचताना हा फरक खरंच जपा आणि मोजणीच्या नकाशाशी ताडून बघा. वाड्यांच्या जुन्या भिंती एकमेकींना खेटून उभ्या असतात, तिथे अबट अगेन्स्ट म्हणायचं, जमिनीच्या हद्दीला अबट ऑन पण चालतं. उच्चार करताना जोर ‘बट’वर, भूतकाळ अबटेड, त्यात टी दोनदा. आणि मुठेवरच्या पुलाखाली कधी उतरलात तर बघा, पुलाचं टोक काठाला जिथे टेकतं ते भक्कम बांधकाम म्हणजे अबटमेंट, शब्द याच घरातला.