गोव्याबाहेर पवनचक्कीच्या साइटवर पहिल्यांदा क्रेन नेताना

गोव्यात वेर्ण्याच्या जांभ्यावर क्रेन चालवून हात बसला, म्हणून जमीन धरतेच असं तुला वाटणार. पण कर्नाटकात गदगकडे काळी माती आहे. उन्हात भेगाळते, पाऊस पडला की टायर गिळते. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या, बांधाकडेनं कधी गाडी नेली असशील तर अंदाज येईल.

सुरुवातीला एवढंच सांभाळ:

- आधी रस्ता पायी चाल. केबलचे चर बुजवून वर मुरूम टाकला की दिसत नाहीत, आणि चाक नेमकं तिथेच खचतं. रस्त्याखालच्या मोऱ्याही बघ.
- रस्त्याची कड सोडून गाडी चालव.
- गाडी हलताना बूम (क्रेनचा लांब हात) खाली, हूक बांधलेला, इशारा देणारा एकच माणूस.

आउटरिगरखाली, म्हणजे क्रेन उभी करताना बाजूला काढायच्या आधाराच्या पायांखाली, नुसती गाडीबरोबर आलेली छोटी प्लेट टाकणं, ही नव्यांची नेहमीची चूक. एका पायावरचा 30 टन भार 1 चौरस मीटरवर आला तर दाब चौरस मीटरला 30 टन. 3 चौरस मीटरच्या भक्कम मॅटवर 10. शिवाय बूम फिरला की बराचसा भार एकाच पायावर जातो, म्हणून चारही पायांखाली मॅट हवीच.

लोडचार्टची (क्रेन किती वजन उचलू शकते त्या तक्त्याची) बाकी गणितं नंतर बघू. रात्री पाऊस झाला असेल तर सुपरवायझर कितीही घाई करू दे, जमीन पुन्हा तपासल्याशिवाय गाडी हलवू नकोस.