प्लेसमेंट ड्यू असेल तर परिषदेमागे धावू नका, आधी ५ दिवसांचे कागद बघा

ताई, 'प्रमाणपत्रं सगळी फाइलला लावली आहेत, आता एक इंटरनॅशनल कॉन्फरन्स केली की झालं' हे तुमचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. उमरेडकडच्या अनुदानित कॉलेजात ग्रंथपाल, पुढल्या वर्षी पहिली प्लेसमेंट (म्हणजे वरच्या वेतनश्रेणीत बढती), 'तुम्ही गेल्यावर लायब्ररी कोण उघडणार' म्हणणारे प्राचार्य, आणि वरून दुबईच्या परिषदेचा तो मेल. मेल सोडला तर बाकी सगळं मी भोगलंय. ओरिएंटेशनच्या प्रशिक्षणाला अर्ज कसा करायचा वगैरे सांगत बसत नाही, ते तुम्हाला माहीतच असणार.

आधी मेल. डिलीट करा. एकाच हॉलमध्ये ग्रंथालयशास्त्र, नर्सिंग आणि सिव्हिल इंजिनिअरिंग, पेपर पाठवल्याच्या दुसऱ्या दिवशी 'स्वीकारला' आणि स्कोपसमध्ये (संशोधनपत्रांची आंतरराष्ट्रीय सूची) नोंद होण्याची हमी फीमध्येच धरलेली! हैदराबादच्या ओमिक्स कंपनीवर अमेरिकेत असल्याच धंद्यासाठी खटला झाला. परिषदेच्या जाहिरातीत नामवंतांची नावं त्यांना न विचारता टाकायची, हाही त्यातला एक आरोप होता. २०१९ मध्ये तिथल्या कोर्टाने ५ कोटी डॉलरहून जास्त भरायला सांगितले. शंका आली तर 'थिंक, चेक, अटेंड' या साइटवरची प्रश्नावली लावून बघा, पाच मिनिटांत उत्तर मिळतं.

आणि मुळात तुम्हाला ही परिषद हवीय कशाला? युजीसीच्या २०१८ च्या नियमांत वेतनाच्या लेव्हल १० वरून ११ ला जाताना (हीच तुमची पहिली प्लेसमेंट) ग्रंथपालाकडून २१ दिवसांचं ओरिएंटेशन आणि ऑटोमेशन-डिजिटायझेशनवरचं (ग्रंथालयाचं काम संगणकावर नेण्याचं) किमान ५ दिवसांचं प्रशिक्षण, सेमिनार किंवा कार्यशाळा मागितली आहे. सेवेची वर्षं पीएचडी असेल तर ४, एमफिल असेल तर ५, नाहीतर ६. वार्षिक मूल्यमापन वेगळं. इंटरनॅशनल पेपरची अट या टप्प्याला नाही. कॉलेजात कोणी काहीही सांगो.

आता त्या ५ दिवसांकडे या, कारण माझी फाइल तिथेच अडकली होती.

मी कोहाची (ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर) कार्यशाळा इथेच नागपुरात केली होती, पोळ्याच्या आठवड्यात. तान्ह्या पोळ्याची स्थानिक सुट्टी मध्ये आली, पण मास्तर बाहेरगावचे, परतीचं रिझर्व्हेशन झालेलं, म्हणून त्या दिवशीही वर्ग घेतला. बाहेर 'ईडा पिडा घेऊन जा गे मारबत' चाललंय आणि आम्ही आत लॅबमध्ये मार्कचे, म्हणजे पुस्तकाच्या संगणकीय नोंदीचे, टॅग भरतोय. प्रमाणपत्रावर नुसती 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' छापलेली, एकूण दिवस किती ते नाही.

पुढे फाइल एका कार्यालयात गेली. नाव घेत नाही, ज्याला कळायचं त्याला कळेल. पहिली त्रुटी: प्रमाणपत्रावर दिवसांची संख्या नाही. आयोजकांकडून पत्र आणून दिलं. मग दुसरी: ड्यूटी लीव्हच्या (कामासाठी बाहेर जायची रजा) आदेशाला जावक क्रमांक नाही. तोही आणला. मग तिसरी, आणि ही ऐका: त्या पाचातला एक दिवस शासकीय सुट्टीचा, सुट्टीच्या दिवशी प्रशिक्षण होऊच शकत नाही, म्हणून प्रशिक्षण चारच दिवसांचं! बाप्पा! तिन्ही त्रुटी पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून दिल्या असत्या तर त्या टेबलचं काय गेलं असतं? पण नाही. दर वेळी फाइल खालून वर, वरून खाली, मध्ये साहेब रजेवर, मग निवडणुकीची ड्यूटी. समोरच्या बाबूला तुमचं काम अडवायचं असतंच असं नाही. ऑडिटमध्ये आपली सही सापडू नये एवढीच त्याची चिंता असते. भोगायचं मात्र आपण.

तोवर कार्यशाळेचे समन्वयक निवृत्त झाले होते आणि हजेरीचा रजिस्टर विभागाच्या रद्दीत गेला होता. शेवटी कागद सापडला कुठे, तर त्या कॉलेजच्या अकाउंट सेक्शनमध्ये. जेवणाच्या बिलाला पुरावा म्हणून रोजच्या सह्यांचा तक्ता जोडलेला होता. सुट्टीच्या दिवशीच्याही सह्या होत्या. अकाउंटवाले कागद फेकत नाहीत, हे लक्षात असू द्या. एरियर्स मिळाले, पण फार उशिरा. व्याजाबिजाची गोष्टच सोडा.

म्हणून तुमच्या फाइलमधलं ५ दिवसांचं प्रमाणपत्र आज काढून वाचा. एकूण दिवस, ऑनलाइन की प्रत्यक्ष, विषयात ऑटोमेशन किंवा डिजिटायझेशन, आणि तारखा ड्यू डेटच्या आत. यातलं काही राहिलं असेल तर आयोजक खुर्चीवर आहेत तोवर लेटरहेडवर पत्र घ्या, सोबत रोजचं वेळापत्रक आणि सह्यांच्या पानाची झेरॉक्स. यापुढे कुठेही गेलात तर हे सगळं निरोप समारंभाच्या आधीच मागा. परतल्यावर रुजू अहवाल द्या आणि त्यावर कार्यालयाचा शिक्का घ्या.

प्राचार्यांचं म्हणाल तर त्यांच्याशी नियमावर भांडू नका. अशा कामांसाठी वर्षाला ३० दिवसांपर्यंत ड्यूटी लीव्ह देता येते, पण 'देता येते' म्हणजे देतीलच असं नाही. त्याऐवजी नॅकच्या (कॉलेजचं मूल्यांकन करणारी संस्था) निकषांतला ६.३.२ पुढे करा. परिषदा-कार्यशाळांना जायला कॉलेजने आर्थिक मदत केली का, हे त्यात बघतात. आयक्यूएसी (कॉलेजातला गुणवत्ता कक्ष) समन्वयकाला सोबत घेऊन जा. रजाच काय, रजिस्ट्रेशन फीसुद्धा निघते कधी कधी.

शिकायचंच असेल तर माझं मत (पटलं तर घ्या): एकदिवसीय राष्ट्रीय चर्चासत्रं बंद करा. उद्घाटनाला दोन तास, जेवण, आणि संध्याकाळी आयएसबीएन असलेलं जाडजूड प्रोसीडिंग. आयएसबीएन भारतात फुकट मिळतो, त्याने पेपर चांगला ठरत नाही. इन्फ्लिबनेटचं (युजीसीचं ग्रंथालय-नेटवर्क केंद्र) गांधीनगरचं प्रशिक्षण किंवा त्यांची ग्रंथपालांसाठीची कॅलिबर परिषद एकदा तरी करा, गांधीनगरसाठी अहमदाबादपर्यंत आपल्याकडून थेट गाडी आहे. तिथे चहाच्या रांगेत जे कळतं ते सादरीकरणात कळत नाही. कॉलेजचं जर्नल तुमच्या गळ्यात मारलंय असं लिहिलंत, त्यासाठी पीकेपी स्कूलचे ओजेएसचे (जर्नल चालवायचं मोफत सॉफ्टवेअर) कोर्स ऑनलाइन आणि मोफत आहेत, लेखांना डीओआय क्रमांक देणाऱ्या क्रॉसरेफचे वेबिनारही. ते कामाला येतील. प्लेसमेंटला मोजतील की नाही ते त्या टेबलवर अवलंबून.

मी काही नियमांचा जाणकार नाही. २०२५ च्या जानेवारीत युजीसीने नव्या नियमांचा मसुदाही काढला होता, तेव्हा तुमच्या ड्यू डेटला कोणता नियम लागतो ते विद्यापीठाकडून लेखी घ्या. फोनवरच्या 'हो हो, चालेल' वर जाऊ नका. आणि तो ५ दिवसांचा कागद बघितला की इथे टाका, नाव-गाव झाकून. दिवस छापलेत की नाही तेवढं सांगतो.