मोठी मांजर अचानक लिटर बॉक्सबाहेर (तिच्या वाळूच्या डब्याबाहेर) शी-शू करायला लागली तर

अहो, ती मुद्दाम करत नाहीये, त्यामुळे ओरडू नका, तिचं नाक त्यात तर अजिबात घासू नका, त्याने ती फक्त घाबरते आणि सोफ्यामागे लपून करते.

आधी डॉक्टर. बोका असेल आणि सारखा बसतोय पण लघवी होत नाहीये तर सकाळची वाट बघू नका, लगेच न्या, लघवीची नळी तुंबली असेल तर जिवावर बेततं.

तब्येत ठीक निघाली तर एवढंच करा:
- बॉक्समधली घाण रोज दोनदा काढा
- बिनवासाचं लिटर (डब्यातली वाळू), जुनाच ब्रँड
- बॉक्स मोठा, झाकण नको, वॉशिंग मशीनशेजारी तर नकोच
- एका मांजरीला दोन बॉक्स

आणि फिनाईलने पुसू नका प्लीज, मांजरांना ते विषारी असतं, एन्झाइम क्लीनर (लघवीचा वास मुळापासून घालवणारं) आणा, वास राहिला की ती परत तिथेच जाते.