‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ म्हणून तहसीलदार कागद नाकारू शकतात का?

प्रश्न : वडील १९८७ साली वारले. तेव्हाच्या फेरफारात ‘बहिणींनी हक्क सोडला’ असं लिहून शेतजमीन भावांच्या नावे झाली. जबाबावर माझा अंगठा आहे, असं भाऊ सांगतात. मी तेव्हा दहावी पास होते, सही करत होते. २०२२ मध्ये वाटपाचा दावा लावला. मूळ फाइलसाठी तहसीलमध्ये माहिती अधिकारात अर्ज केला, तर बारा दिवसांपूर्वी एका ओळीचं पत्र आलं : ‘प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने माहिती देता येत नाही.’ माझे वकील म्हणतात, तो नाद सोडा, कोर्टातून मागवू. काय करू?

उत्तर : ताई, ही ओळ मी इतक्या पत्रांवर वाचली आहे की तिचा रबरी शिक्काच करून ठेवलाय की काय, अशी शंका येते. माहिती अधिकार कायद्यात तिला आधार नाही. कलम ८(१)(ब) एवढंच म्हणतं की जी माहिती उघड करायला न्यायालयाने स्पष्ट मनाई केली आहे, किंवा जी दिल्याने न्यायालयाचा अवमान होईल, ती नाकारता येते. नुसता दावा चालू असणं म्हणजे मनाई नव्हे. दिल्ली महापालिकेच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये हेच सांगितलं. तुमच्या दाव्यात तसा मनाईचा हुकूम नसेल, तर पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील करा. म्हणजे तुमच्या हातात अठरा दिवस आहेत. वीस रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि ‘मनाईचा आदेश कोणत्या न्यायालयाचा, कोणत्या तारखेचा?’ एवढंच विचारा.

खरं तर तुम्हाला माहिती अधिकाराची गरजही नव्हती. जमिनीचे अभिलेख पाहायला खुले असतात, हे जमीन महसूल संहितेच्या कलम ३२७ मध्येच आहे. अभिलेख कक्षात साधा नक्कल अर्ज द्या. त्यात फेरफार क्रमांक घालून वर्दी (नोंद करा म्हणून तलाठ्याला दिलेली खबर), जबाब आणि नमुना ९ची नोटीस (नोंदीबद्दल संबंधितांना द्यायची सूचना) बजावल्याची पोच, तिन्ही नावानिशी मागा. नुसतं ‘फेरफाराची नक्कल’ लिहिलंत तर तेवढा एकच कागद हातात पडेल. त्याने तुमचं काम होणार नाही.

तुमच्या वकिलांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. कोर्टाचा मार्ग धराच, पण दुसरा सोडू नका. पुष्कळ जण अशा वेळी दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या (सीपीसी) ऑर्डर १३ रूल १०चा अर्ज देतात. तो नियम दुसऱ्या न्यायालयाचं रेकॉर्ड मागवण्यासाठी आहे. तहसीलच्या फेरफाराच्या फाइलसाठी तो माझ्या मते कमजोर. ऑर्डर ११ पक्षकारांपुरती. भावांकडे हक्कसोडीचा कागद असेल तर रूल १४खाली तो हजर करायला लावा. तहसीलदार पक्षकार नसतील, तर त्यांच्यासाठी ऑर्डर १६ रूल ६ : कागद हजर करण्याचं समन्स. साक्ष द्यायची नसते, फाइल कोणाकरवी पाठवली तरी चालते. समन्स मिळूनही दाद दिली नाही तर रूल १०खाली वॉरंटपर्यंत जाता येतं. अर्जासोबत प्रतिज्ञापत्र जोडा आणि नकाराचं ते एका ओळीचं पत्रही लावा. कागद बाहेरून मिळत नाही, याचा तुमच्याकडचा तो सर्वात चांगला पुरावा आहे. खरं तर त्या कारकुनाचे आभारच मानायला हवेत.

‘फाइल सापडत नाही’ असं उत्तर आलं, तर ते लेखी घ्या आणि महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ची आठवण करून द्या. त्यात कैदेची तरतूद आहे.

फाइल नाहीच आली तरी घाबरू नका. फेरफाराने मालकी मिळत नाही आणि जातही नाही. स्थावर मिळकतीवरचा हक्क सोडायचा तर नोंदणीकृत दस्त लागतो; तलाठ्यापुढचा जबाब पुरत नाही.

एक गोष्ट मात्र समन्सच्या अर्जातच घाला : मूळ फाइल कोर्टाच्या ताब्यात ठेवावी. नाहीतर तहसीलचा कारकून झेरॉक्स दाखल करतो आणि मूळ फाइल काखोटीला मारून परत जातो. झेरॉक्सवरून अंगठा कोणाचा, हे तपासणारा तज्ज्ञ सहसा सांगत नाही.