‘बट’च्या जागी ‘हाउएव्हर’ का चालत नाही?

प्रश्न : मुलगी दहावीत आहे. ‘इट वॉज रेनिंग, हाउएव्हर वी वेंट आउट’ या तिच्या वाक्याखाली लाल रेघ आली. ‘बट’ असतं तर चाललं असतं म्हणे. दोन्हींचा अर्थ ‘पण’च ना?

उत्तर : अर्थ तोच, पण जात वेगळी. ‘बट’ हे उभयान्वयी अव्यय आहे. ते दोन वाक्यं जोडतं, म्हणून त्याच्याआधी नुसता स्वल्पविराम पुरतो. ‘हाउएव्हर’ पडलं क्रियाविशेषण. ते विरोध दाखवतं, सांधा जुळवत नाही. त्यामुळे आधीचं वाक्य पूर्णविरामाने संपवावं किंवा अर्धविराम द्यावा आणि ‘हाउएव्हर’नंतर स्वल्पविराम द्यावा : ‘इट वॉज रेनिंग; हाउएव्हर, वी वेंट आउट.’ अर्धविरामाची खात्री नसेल, तर परीक्षेत सरळ पूर्णविराम द्यावा.

फरक पटत नसेल, तर शब्द हलवून पाहा. ‘वी, हाउएव्हर, वेंट आउट’ चालतं. तिथे ‘बट’ बसवा, वाक्य मोडतं.

शब्द असा मधे आला की स्वल्पविराम दोन्ही बाजूंना हवेत. मुलं हमखास एकच देतात. कर्त्यानंतर आलेलं ‘हाउएव्हर’ त्या कर्त्यावरच जोर देतं. ‘द ट्रेन वॉज ऑन टाइम. द बस, हाउएव्हर, वॉज लेट’ म्हणजे बस मात्र उशिरा आली. आपला ‘मात्र’ही असाच शब्दामागे उभा राहतो.

आणखी एक चूक ‘जरी-तरी’च्या सवयीतून येते : ‘ऑलदो इट वॉज रेनिंग, हाउएव्हर वी वेंट आउट.’ इंग्रजीत ‘ऑलदो’ एकटंच पुरतं, पुढचा ‘तरी’ गाळायचा. ‘ऑलदो’नंतर ‘बट’ही नको.

प्रश्न : मग ‘हाउएव्हर हार्ड ही ट्राइज’ यात स्वल्पविराम का नाही?

उत्तर : कारण इथे विरोध नाहीच, अर्थ ‘कितीही’ असा आहे. ‘हाउएव्हर’ला लागून विशेषण किंवा क्रियाविशेषण येतं तेव्हा मधे काही घालू नये. स्वल्पविराम येतो तो तुकडा संपल्यावर : ‘हाउएव्हर लेट यू कम, रिंग द बेल.’ कितीही उशीर झाला तरी बेल वाजव.

बोलताना मात्र ‘बट’च बरं. मैत्रिणीला पाठवलेल्या मेसेजमधलं ‘हाउएव्हर’ कचेरीच्या पत्रासारखं वाटतं. तिथे वाक्याच्या शेवटी ‘दो’ शोभतं : ‘इट्स कॉस्टली. इट वर्क्स, दो.’