घरी सगळं येतं, पेपरात ब्लँक होतं

मी समुपदेशक. प्रीलिमचे पेपर हातात पडले की मला पालकांचे फोन सुरू होतात आणि वाक्य इतकं ठरलेलं असतं की आईने तोंड उघडलं की पुढचं मीच म्हणू शकते, "मॅडम, घरी सगळं येतं हो तिला, पेपर बघितला की ब्लँक."

ऋता (नाव बदललंय) कोथरूडची, दहावी, सेमी इंग्लिश. अल्जेब्राला ४० पैकी १७. एका वर्गसमीकरणावर वीस मिनिटं गेली, मग हातपाय गार पडले आणि येत असलेलंही राहिलं. क्लासचे सर म्हणाले सराव कमी, आई म्हणाली मोबाईल. पहिली दोन सेशन रडण्यात आणि झोपेची वेळ लावण्यात गेली, ते सोडते.

तिसऱ्या वेळी पेपरच आणायला लावला.

"इथे काय झालं?"

"फॅक्टर सुचेनात."

"बरं, नाही सुचले. मग?"

"मग काय, सुचलेच पाहिजेत ना! बाकीच्यांना सुचतात."

मी अल्बर्ट एलिसला मानणारी, 'असं झालंच पाहिजे' हा हट्टच माणसाला त्रास देतो म्हणणारा तो मानसशास्त्रज्ञ, त्यामुळे माझा कान या 'च'वर जातोच. सुचलेच, जमलंच, आलंच. माणसाला प्रश्न आडवा येत नाही, हा 'च' येतो. पण नुसतं एवढं सांगून पोरगी "हो मॅडम" म्हणाली असती आणि घरी जाऊन परत रडली असती. गणित होतं एक्स स्क्वेअर वजा ६ एक्स अधिक ४ बरोबर ०. म्हटलं, जोड्या लिही. गुणाकार ४ हवा आणि बेरीज वजा ६, तर १ आणि ४, बेरीज ५. २ आणि २, बेरीज ४. दोन्ही वजा धरल्या तरी ६ काही होईना. ती कागदाकडे बघतच राहिली.

"म्हणजे फॅक्टर नव्हतेच?"

साधे नव्हते. नसलेली वस्तू वीस मिनिटं शोधून ही स्वतःला ढ म्हणत होती! आणि घरी का यायचं तेही तिथेच कळलं मला, खरं सांगते माझं मलाच बरं वाटलं. घरी सरावसंचावर आधीच लिहिलेलं असतं, 'अवयव पद्धतीने सोडवा', म्हणजे अवयव, तेच फॅक्टर, आहेत याची हमी. पेपरात नुसतं 'सोडवा' आलं की हमी गेली, उरलं फक्त सुचणं, आणि घाबरलेल्या डोक्याला पहिलं सुचणंच बंद होतं.

म्हणून अशा मुलांना मी सांगते, पद्धत दिलेली नसेल तर आधी विवेचक काढा, बी स्क्वेअर वजा ४ एसी (ए, बी, सी म्हणजे एक्स स्क्वेअरचा सहगुणक, एक्सचा सहगुणक आणि शेवटची संख्या). इथे ३६ वजा १६, २०. पूर्ण वर्ग नाही, म्हणजे जोड्या शोधायच्याच नाहीत, सरळ सूत्र, उत्तर ३ अधिक-वजा रूट ५. सूत्रामागची रीत जुने गणिती श्रीधराचार्य यांची, भास्कराचार्यांनी 'बीजगणित' या ग्रंथात त्यांच्या नावाने दिलीय. एकामागून एक पायऱ्या, सुचायची वाट बघायची नाही. पालकांनीही "सोपं तर होतं" म्हणणं थांबवा आणि घरी सराव देताना प्रकार मिसळून, वरचं शीर्षक झाकून द्या.

पाचव्या सेशनला ऋताने मलाच गणित घातलं, एक्स स्क्वेअर अधिक २ एक्स अधिक ५. मी आपली ५ आणि १, उणे ५ आणि उणे १ करत बसले.

"मॅडम, शोधताय काय? आधी विवेचक!"

उणे १६. वास्तव मुळंच नाहीत. कार्टी हसून हसून खुर्चीतून पडायची राहिली.